जुनी रोड सायकल दुकानात घेण्याआधीची वीस मिनिटं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुमचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. एका घरातून तीन जुन्या गिअरच्या रोड सायकली एकगठ्ठा मिळतायत. पहिली फ्रेंच, तिचा सीटपोस्ट (सीट धरणारा दांडा) जाम. दुसरी २७ इंची चाकांची, स्टीलच्या रिमांची, थोडीफार चालू. तिसरी इटालियन, कोलंबस या फ्रेमच्या नळ्या बनवणाऱ्या कंपनीचं स्टिकर असलेली, रंग उडालेला आणि क्रोमवर गंज. तुम्ही विचारलंय की तिन्ही नव्यासारख्या करून विकल्या तर धंदा होईल का, आणि रंगासाठी पावडर कोटिंग बरं की स्प्रे.

रंगाचं शेवटी बोलू. त्याआधी एक वेगळाच प्रश्न आहे: कुठल्या सायकलीवर किती तास घालायचे, आणि त्या तासांचे पैसे देणारं गिऱ्हाईक कोण? मी हे काम वीसेक वर्षं करतोय. त्यातली पहिली तीन-चार वर्षं मी सायकली झकास करायचो आणि तोट्यात विकायचो. तारा, टायर, ग्रीस, सगळा खर्च वहीत असायचा. माझे हात तेवढे फुकट. मग वहीत तासांचा एक रकाना वाढवला आणि पहिल्याच महिन्यात डोळे उघडले. ज्या सायकलीचा मला सगळ्यात अभिमान होता, तिने एकतीस तास खाल्ले होते. एका साध्या, फारसं नाव नसलेल्या जपानी सायकलीला नऊ तास लागले होते आणि ती चार दिवसांत गेली होती. दोघींतला फरक माझ्या कारागिरीत नव्हता. घेताना एक नीट पाहिली होती आणि दुसरी भाळून घेतली होती.

तुमची परिस्थिती माझ्यासारखीच असेल असं नाही. रोजच्या पंक्चर-ओव्हरहॉलिंगच्या कामातून वेळ उरत असेल, आणि एखादी उघडी पडलेली सायकल दोन महिने टांगून ठेवायला जागा असेल, तर हे जोडकाम म्हणून चांगलं आहे. जागा नसेल तर अर्धवट सायकली दुकान गिळतात. पोट यावरच भरायचं असेल तर मी सांभाळून बोलेन, कारण चांगला माल ठरवून मिळत नाही. तो येतो तेव्हा येतो.

गिऱ्हाईक तीन प्रकारचं असतं. एकाला रोज चालवायला हलकी, देखणी, टिकाऊ सायकल हवी असते; ती १९७८ ची की १९८४ ची याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. दुसऱ्याला तरुणपणी हवी होती आणि मिळाली नव्हती ती सायकल हवी असते. तिसरा संग्राहक, किंवा जुन्या सायकलींच्या राइडला जाणारा. इटलीत गायोले इन किआंतीहून १९९७ पासून निघणाऱ्या ‘लेरोइका’चे नियम वाचलेत तर या तिसऱ्याचं डोकं कसं चालतं ते कळेल: सायकल १९८७ च्या आधीची, गिअरचे लिव्हर खालच्या तिरक्या नळीवर, पेडलला टो-क्लिप (पाय अडकवायचे पिंजरे) आणि पट्टे, ब्रेकच्या तारा हँडलच्या वरून मोकळ्या गेलेल्या. अशा माणसाला तुम्ही नवं पेडल लावून दिलंत तर तो ते काढून तुमच्या हातात ठेवेल. पहिल्या गिऱ्हाइकाला मात्र टो-क्लिपची भीती वाटते. म्हणून सायकल उघडण्याआधी ती कोणासाठी हे मी ठरवतो. ते ठरलं नाही की एकाच सायकलीवर तिघांसाठीचं काम होतं आणि पैसे एकाचेच मिळतात.

आता ती वीस मिनिटं. सायकल घेण्याआधी मी एक फडकं, दोरा, व्हर्नियर आणि दोन-तीन पाने घेऊन बसतो. रंग, नाव, स्टिकर यांकडे मुद्दाम बघत नाही. पहिलं बोट जातं ते हेडच्या नळीच्या (हँडलखालची पुढची उभी नळी) मागे, वरच्या दांडीच्या आणि तिरक्या नळीच्या खालच्या अंगाला. सायकल कधी समोरून आदळली असेल तर तिथे नळीला बारीकशी फुगी येते. डोळ्याला ती दिसत नाही, बोटाला लागते. रंगाला तिथे आडवी बारीक चीर असेल तर संशय पक्का. मग चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) बाजूने बघायचा: हेडच्या नळीची रेघ मनात खाली वाढवली तर चिमट्याच्या पायांचा वरचा सरळ भाग त्याच रेघेत हवा. मागे ढकललेला दिसला तर धडक झालेली आहे.

त्यानंतर दोरा. मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो ती खाच) दोरा हेडच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणायचा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. एखाद मिलिमीटरचा फरक मी सोडून देतो. तीन-चार मिलिमीटर असेल तर फ्रेम सरळ करावी लागेल. स्टीलची असेल तर ती होतेही, पण त्याचे तास किमतीतून वजा धरा. ड्रॉपआउट जिथे नळ्यांना जोडलेत ते सांधे, चेनस्टेचा (मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) बीबीजवळचा, म्हणजे बॉटम ब्रॅकेट या क्रँकच्या आसाच्या घराजवळचा भाग आणि सीटचा लग (नळ्या जोडणारी बाही), एवढ्या ठिकाणी फडक्याने पुसून चिरा बघायच्या. कांपान्योलो या इटालियन कंपनीचा जुना रेकॉर्ड क्रँक (पेडल धरणारा दांडा) असेल तर क्रँकचा दांडा आणि चेनव्हीलचा हात यांच्यामधल्या कोपऱ्यात टॉर्च मारून बघा. तिथे केसासारखी चीर पडायची त्या क्रँकची खोड जुनी आहे. चीर सापडली तर तो क्रँक शोभेचा, चालवायचा नाही.

मग जाम झालेल्या गोष्टी. सीटपोस्ट हलतो का, हँडलचा स्टेम हलतो का? दोन्ही हलले तर माझा निम्मा जीव भांड्यात पडतो. शेवटी माप. फार छोट्या आणि फार मोठ्या फ्रेम वर्षभर टांगलेल्या राहतात. मधली मापं जातात. हे इतकं साधं असूनही मी ६३ सेंटिमीटरची एक देखणी फ्रेम केवळ तिच्या लगच्या नक्षीवर भाळून घेतली होती. ती अजून माझ्याकडे भिंतीवर आहे.

तुमची पहिली सायकल फ्रेंच आहे म्हणून आट्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे हात पोळून झालेत. बॉटम ब्रॅकेटचे आटे जुन्या सायकलींत चार प्रकारचे भेटतात. ब्रिटिश १.३७ इंच, इंचाला २४ आटे. इटालियन ३६ मिलिमीटर, तेही २४ आट्यांचे. फ्रेंच ३५ मिलिमीटर, एका मिलिमीटरला एक आटा. स्विस मापाला फ्रेंचसारखेच, पण उजव्या कपाची (छर्रे धरून फ्रेममध्ये आट्यांवर बसणारी वाटी) दिशा वेगळी. ब्रिटिश आणि स्विसमध्ये चेनकडच्या उजव्या कपाचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. फ्रेंच आणि इटालियनमध्ये तोच कप सुलटा.

माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एक निळी फ्रेंच सायकल आली होती. हाताला ब्रिटिशची सवय. उजव्या कपाला पाना लावला, सुटेना. पान्यावर मीटरभर पाइप चढवला आणि घड्याळाच्या दिशेने अंगाचा जोर दिला. कप बिचारा अजून घट्ट होत गेला आणि मला वाटत राहिलं की गंज फार आहे. तिसऱ्या दणक्याला कपाचे सपाट काठ सोलले गेले, पाना निसटला आणि माझी बोटं चेनव्हीलच्या दातांवर. हाताला पट्टी बांधून बसलो तेव्हा खाली पडलेल्या डाव्या कपावर सहज नजर गेली: ‘३५ × १’. दोन तास तो आकडा माझ्या पायाशी पडलेला होता. शेवटी कपातून जाड बोल्ट घातला, दोन्हीकडून वॉशर लावून नट करकचून आवळला आणि बोल्टलाच उलट दिशेने फिरवून कप सोडवला. सुटायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

तेव्हापासून एकच शिस्त: डावा कप आधी. तो या चारही प्रकारांत सुलट आट्यांचाच असतो, त्यामुळे न घाबरता काढता येतो. काढला की त्यावरचा आकडा वाचा. आकडा नसेल तर मोजा, पण नुसत्या व्हर्नियरवर विसंबू नका. १.३७ इंच म्हणजे ३४.८ मिलिमीटर, फ्रेंचपेक्षा फक्त ०.२ कमी. झिजलेल्या, मळलेल्या कपावर तेवढा फरक कुठेही हरवतो. आटे मोजायची गेज पट्टी लावली की दुधाचं दूध होतं. नवे ब्रिटिश कप फ्रेंच फ्रेममध्ये जबरदस्तीने चढवू नका. सुरुवातीचा एखाद-दुसरा आटा घेतल्यासारखं वाटतं आणि तिथेच फ्रेमचे आटे चिरडतात.

फ्रेंच सायकलीचं हे बीबीवर थांबत नाही. पेडलचे आटे १४ मिलिमीटरचे असू शकतात, बाकी जगाचे ९/१६ इंचाचे. स्टेमची जाडी २२.० असते, इतरांची २२.२, तेवढ्यासाठी नवा स्टेम आत शिरत नाही. स्ट्राँगलाइटचा जुना क्रँक असेल तर ओढणीचे (क्रँक आसावरून ओढून काढायच्या हत्याराचे) आटे २३.३५ मिलिमीटरचे असतील. आपल्या नेहमीच्या २२ च्या ओढणीने तो ओढायला गेलात तर क्रँकचे आटे सोलून हातात येतात. १९८० च्या दशकात फ्रेंच कंपन्याही बाकीच्या जगाच्या मापांकडे वळल्या, त्यामुळे तुमची सायकल नेमकी कधीची यावर बरंच अवलंबून आहे. फ्रेंच आहे म्हणून सोडू नका, पण मोजल्याशिवाय एकही सुटा भाग मागवू नका.

आता तिचा जाम सीटपोस्ट. स्टीलच्या नळीत अॅल्युमिनियमचा पोस्ट, वर ग्रीसचा पत्ता नाही, आणि वर्षानुवर्षं घाम-पावसाचं पाणी. दोन धातू आणि खारट ओल म्हणजे छोटी बॅटरीच. अॅल्युमिनियम गंजतं, त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते, आणि पोस्ट पाचरीसारखा बसतो. पहिला मोह होतो नळी तापवायचा. तो टाळा. अॅल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे उष्णता आत पोचली की पोस्ट उलट जास्त घट्ट होतो, शिवाय रंग जळतो. पोस्ट गार करणं बरोबर दिशेचं आहे. २७.२ मिलिमीटरचा पोस्ट साठ अंशांनी गार झाला तर तो ०.०४ मिलिमीटरच्या आसपास आकसतो. केसाच्या जाडीइतकंही नाही, पण भुकटीची पकड मोडायला कधी कधी तेवढं पुरतं.

माझी पद्धत आळशी आहे. सीटचा बोल्ट पूर्ण काढायचा, बीबी उघडायची, फ्रेम उलटी टांगायची आणि आत झिरपणारं तेल सीटच्या नळीत खालून सोडायचं. रोज थोडं, आठवडाभर. मधेच पोस्टच्या डोक्यावर लाकडी ठोकळा ठेवून दोन-चार टोले. आठव्या दिवशी पोस्टचं डोकं बाकाच्या व्हाइसमध्ये पकडायचं आणि अख्खी फ्रेमच तरफ म्हणून फिरवायची. इथे घाई केली तर नळी पिळवटते, म्हणून दोन्ही हात सीटच्या नळीजवळ ठेवायचे. हेडला धरून ओढायचं नाही. सुटतो तेव्हा आधी ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो, मग किरकिर, आणि पोस्टबरोबर ओली पांढरी पेस्ट बाहेर येते. तो आवाज ऐकला की मी चहा टाकतो.

नाहीच सुटला तर पोस्ट वरून कापून, आतून हॅकसॉच्या पात्याने उभी चीर पाडत जायचं. पात्याला फडकं गुंडाळून, हाताने, तीन-चार तास. पोस्ट फाटतो आणि आत मिटतो. पातं स्टीलला लागलं की आवाज बदलतो, तिथे थांबायचं. कॉस्टिक सोड्याने पोस्ट विरघळवणारे लोक आहेत. अॅल्युमिनियम विरघळतं हे खरं, पण त्यातून हायड्रोजन निघतो, कातडी आणि डोळे जातात, रंग तर जातोच. चालत्या दुकानात मी ते कधी केलेलं नाही.

बाकी ओव्हरहॉलिंग तुम्हाला येतंच, त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त काही गोष्टी मी न बघता बदलतो: तारा आणि त्यांच्या नळ्या, ब्रेकची रबरं, टायर-ट्यूब, हँडलची टेप आणि सगळे छर्रे. छर्रे स्वस्त असतात, कोन (छर्रे ज्यावर फिरतात तो भाग) महाग. मागच्या हबला बहुतेक वेळा पाव इंची नऊ-नऊ, बीबीला पाव इंची अकरा-अकरा. तरी काढताना मोजून डबीत टाका, कारण आधीच्या कारागिराने किती घातले होते देव जाणे. चेन पट्टीवर ताणून मोजा: चोवीस कड्या बरोबर १२ इंच. १/१६ इंच वाढली असेल तर चेन बदला. १/८ वाढली असेल तर फ्रीव्हीलही (मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा) गेलं समजा. फ्रीव्हील काढायचं हत्यार प्रत्येक कंपनीचं वेगळं, तेव्हा आधी हत्यार हातात घ्या आणि मग चाक उकला. मी एकदा आरे आधी कापून बसलो होतो. नुसता हब हातात आणि फ्रीव्हील त्याच्यावर, धरणार कशाला?

आणि हँडलची टेप काढल्यावर खाली नीट बघा. घामाने अॅल्युमिनियमला खड्डे पडतात, विशेषतः ब्रेक लिव्हरच्या पट्टीखाली. हँडल चालताना तुटलं तर गिऱ्हाइकाचे दात जातात. खड्डे दिसले की हँडल बदलतो आणि जुनं कापून टाकतो, नाहीतर सहा महिन्यांनी मीच ते दुसऱ्या सायकलीला लावेन.

तुमची दुसरी सायकल, २७ इंची. स्टीलची रिम पावसात ब्रेक धरत नाही, रबर कितीही चांगलं घाला. रोज चालवणाऱ्याला विकायची असेल तर अॅल्युमिनियमच्या रिमा हाच या सायकलीवरचा एकमेव मोठा खर्च मी करीन. २७ इंचाची रिम टायर बसतो तिथे ६३० मिलिमीटर व्यासाची, ७०० सी ची (आजच्या रोड सायकलीचं नेहमीचं माप) ६२२. म्हणजे ब्रेकची रबरं चार मिलिमीटर खाली यायला हवीत. घेण्याआधी बघा की ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा खाली शिल्लक आहे का. जुन्या लांब हातांच्या ब्रेकला बहुधा असते. मागची रुंदीही मोजा: पाच गिअरच्या काळात ड्रॉपआउटमधलं अंतर १२० मिलिमीटर असायचं, सहा-सात गिअरला १२६, नंतर १३०. १२६ च्या स्टील फ्रेममध्ये १३० चं चाक हाताने फाकवूनही बसतं. १२० चं १३० करायचं तर दोन्ही बाजू समान वाकवून, दोरा लावून तपासून, शेवटी ड्रॉपआउट समांतर करून घ्यावे लागतात. हे फक्त स्टीललाच. व्हिटस ९७९ सारख्या गोंदाने जोडलेल्या अॅल्युमिनियमच्या फ्रेमला असं कधीही करू नका.

गिअरबद्दल एक आगाऊ सल्ला. गिऱ्हाईक चालवणारं असेल तर सनटूर या जपानी कंपनीच्या जुन्या डिरेलरकडे (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) नाक मुरडू नका. तिरप्या समांतरभुजेची युक्ती (चेन प्रत्येक चकतीच्या जवळ ठेवणारी) त्यांनी १९६४ मध्ये आणली, आणि ते पेटंट १९८४ मध्ये संपेपर्यंत इतरांना ती वापरता येत नव्हती. त्या काळातलं मधल्या दर्जाचं सनटूर नावाजलेल्या युरोपियन डिरेलरपेक्षा गिअर सरळ बदलतं. संग्राहकाला हे सांगू नका, त्याला राग येतो.

आता रंग. तुम्ही पावडर कोटिंग की स्प्रे असं विचारलंत. इटालियन सायकलीपुरतं माझं उत्तर आहे की दोन्ही नको. खरचटलेला पण मूळचा रंग आणि मूळची स्टिकरं यांचे पैसे जास्त मिळतात, आणि तुमचे दहा-बारा तास वाचतात. तोच रंग नव्याने केला की घेणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘खाली काय लपवलंय?’ शिवाय पावडरचा थर जाड बसतो. लगच्या कडा, ज्यांसाठी लोक या फ्रेम घेतात, त्या मेणात बुडवल्यासारख्या दिसतात. आधी वाळूचा मारा करून घेणार असाल तर आणखी जपा. कोलंबस एसएलच्या नळीची भिंत टोकांना ०.९ आणि मधे फक्त ०.६ मिलिमीटर आहे. जाड लोखंडी गेट घासणाऱ्या माणसाच्या हातात ती देऊ नका. खरोखर गंजाने रंग सोडलेला असेल, आणि सायकल रोज चालवणाऱ्याला जाणार असेल, तर पावडर व्यवहार्य आहे. तेव्हा आटे, बीबीचं तोंड आणि हेडचे कप बसतात ती जागा झाकून घ्यायला सांगा.

क्रोमवरचा गंज बहुधा वरवरचा असतो. अॅल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा, निम्मा तिथेच जातो. स्टीलच्या बारीक भागांना ऑक्झॅलिक अॅसिडच्या पाण्यात रात्रभर ठेवतो, मग सोड्याच्या पाण्यात धुतो. हातमोजे घाला, ते विषारी आहे, आणि अॅल्युमिनियमचे भाग त्यात टाकू नका. फ्रेमच्या आत शेवटी गंजरोधक तेल फिरवायला विसरू नका. जुनी स्टील फ्रेम आतून बाहेर सडते.

स्टिकरवर आंधळा विश्वास ठेवू नका. रेनॉल्ड्स ५३१ हे ब्रिटिश स्टील नळ्यांचं नाव १९३५ पासूनचं, पण त्याच नावाची स्टिकरं वेगवेगळ्या मजकुराची असत. एकावर फक्त तीन मुख्य नळ्या ५३१ च्या असल्याचं लिहिलेलं असे, दुसऱ्यावर चिमटा आणि मागच्या नळ्याही. फरक वजनात आणि किमतीतही. तुमच्या कोलंबसचंही तसंच: सीटपोस्टचं माप बघा. २७.२ चा पोस्ट बसत असेल तर नळी पातळ, स्टिकर खरं असण्याची शक्यता वाढते. २६ च्या आसपासचा बसला तर नळी बहुधा जाड आहे आणि स्टिकर कोणीतरी हौसेने लावलेलं असू शकतं. सुट्या भागांवरून सालही काढता येतं. कांपान्योलो नुओव्हो रेकॉर्डच्या मागच्या डिरेलरवर ‘पेटंट ७४’ असं काही कोरलेलं असतं, ते त्या भागाचं वर्ष. शिमानोच्या क्रँकच्या मागच्या बाजूला दोन अक्षरं असतात, पहिलं वर्षाचं: ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७, असं पुढे, दुसरं महिन्याचं. मात्र २००२ पासून ती अक्षरं पुन्हा ए पासून सुरू झाली, हे ध्यानात ठेवा. फ्रेम आणि भागांची सालं जुळली तर सायकल मूळची आहे असं म्हणायला आधार मिळतो. नाही जुळली तर तसं लिहून विका.

विकण्याबद्दल थोडंच सांगतो. काय मूळचं, काय बदललं, काय माहीत नाही, हे एका कागदावर लिहून सायकलीला टांगतो. वाईट गोष्टींचे फोटो आधी दाखवतो. घेताना फ्रेमच्या नंबरचा फोटो आणि देणाऱ्याची सही घेतो, म्हणजे उद्या कोणी चोरीची म्हणून दारात उभा राहिला तर माझ्याकडे कागद असतो. आणि चालवून पाहायला देताना बरोबर पंधरा मिनिटं काढतो. शिमानोचे टकटक बसणारे गिअर १९८४ मध्ये आले. त्याआधीच्या बहुतेक लिव्हरना टप्पे नाहीत, कानाने बसवावे लागतात. हे माहीत नसलेलं गिऱ्हाईक दोन मिनिटांत परत येतं आणि म्हणतं गिअर खराब आहेत. सपाट रस्त्यावर शेजारून चालत दोनदा दाखवलं की तेच गिऱ्हाईक हसत येतं. माझ्या निम्म्या विक्री त्या पंधरा मिनिटांत झाल्या आहेत.

सुटे करून विकावं का, हेही मनात असेलच. फ्रेमला चीर असेल किंवा नळी फुगलेली असेल तर जरूर करा. धडधाकट सायकल सुटी केली तर चांगले चार भाग लगेच जातात आणि उरलेले तीस डब्यांत पडून राहतात.

म्हणून तुमच्या तिघींचं असं. एकगठ्ठ्याची किंमत ठरवताना फ्रेंचची किंमत शून्य धरा. पोस्ट सुटला तर ती वरकमाई. २७ इंची आधी हातात घ्या, तिला कमी तास लागतील आणि तिच्या पैशांतून बाकीच्यांचा खर्च निघेल. इटालियन नुसती उघडा, धुवा, ग्रीस करा, रंगाला हात लावू नका आणि योग्य माणूस येईपर्यंत टांगून ठेवा. फ्रेंच घरी आली त्याच दिवशी डावा कप काढा, आकडा वाचा, फ्रेम उलटी टांगा आणि सीटच्या नळीत तेल सोडा. आठ दिवसांनी काय झालं ते कळवा. काढताना पोस्टचं डोकं मोडलंच, तर ते सावरायचं कसं हे मग सांगतो.